कापलेली कड

दार उघडणाऱ्या गृहस्थांनी आधी माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं, मग मला. पुस्तकाला ते ओळखत होते.

“लेखिकाबाई ना? या. चपला आत घ्या, बाहेर कुत्री नेतात.”

खोलीत तीन खुर्च्या होत्या. दोन समोरासमोर आणि तिसरी भिंतीशी, जराशी वेगळी. मला तिसरी मिळाली. पाणी आतून आलं नाही. खिडकीतल्या तांब्यातून त्यांनी स्वतः ओतून दिलं. त्याच खिडकीत वातीचा स्टोव्ह होता, एक कढई होती आणि बेसनाचा डबा. मला अशा गोष्टी मोजायची खोड आहे. कुठं बसवलं, पाणी कुणाच्या हातचं, चहा कितव्या मिनिटाला. त्यामुळे या घरात नवऱ्याची चूल वेगळी झाली आहे, हे मला कुणी सांगण्याआधीच कळलं. ती माझ्या पुस्तकामुळे वेगळी झाली आहे, हे कळायला आणखी दहा मिनिटं लागली.

ही गोष्ट ब्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली, बार्शीची. गृहस्थ म्हणजे रंगनाथ धारूरकर, निवृत्त शिक्षक. आठवड्यापूर्वी त्यांचं कार्ड पुण्याला माझ्या प्रकाशकांच्या पत्त्यावर आलं होतं. मजकूर एवढाच: ‘आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरील स्त्री माझी पत्नी आहे. तिच्या शेजारील पुरुष मी नव्हे. खुलासा व्हावा.’

पुस्तक मल्लिकार्जुन मेनकुदळे या फोटोग्राफरवर होतं. बार्शीत त्यांचा स्टुडिओ होता. माणूस वारला तेव्हा गावाबाहेर त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. पुतण्याच्या माळ्यावर त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह पडल्या होत्या, हजाराच्या वर. त्या मी शोधल्या, आधी एका दिवाळी अंकात त्यांवर लिहिलं, मग चौसष्ट फोटो निवडून पुस्तक केलं. मुखपृष्ठावर एक जोडपं. दोघं खुर्च्यांवर बसलेली, मागे रंगवलेल्या पडद्यावरचे खांब आणि वेली, आणि दोघांच्या बरोबर मधून वरपासून खालपर्यंत गेलेली एक बारीक काळी रेघ. खाली मी लिहिलं होतं, ‘नवदांपत्य, १९५६’. त्या रेघेवर मी अकरा पानांचा लेख लिहिला. संसारातली न बोललेली जागा, एका छताखालची दोन एकटेपणं, वगैरे. लेख गाजला. ज्यांनी पुस्तक उघडलं नव्हतं त्यांनीही रेघेबद्दल लिहिलं. सोमवारी दुसरी आवृत्ती छापायला जाणार होती आणि मार्चमध्ये मुंबईच्या एका कलादालनात प्रदर्शन होतं, त्याच्या निमंत्रणावर हाच फोटो.

कार्ड वाचून मी घाबरले असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे मी खूश झाले. शेजारचा पुरुष नवरा नव्हे, म्हणजे कुणीतरी दुसरा होता. दुसऱ्या आवृत्तीला नवं प्रकरण मिळालं, असं मनात आलं. शनिवारी पहाटेच्या एसटीत बसले. परतीची गाडी साडेचारची होती. तोवर ते प्रकरण वहीत उतरवून घ्यायचं, असा बेत.

“बसा की नीट,” मास्तर म्हणाले. मी खुर्चीच्या टोकावर होते.

त्यांनी त्यांची प्रत आणली. पाठ्यपुस्तकाला घालतात तसं तिला खाकी कागदाचं वेष्टन घातलं होतं, म्हणजे मुखपृष्ठ दिसू नये. आत लाल पेन्सिलीच्या खुणा. माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या सत्कारात हे पुस्तक भेट दिलं होतं. आपल्या गावाचं पुस्तक, शाल-श्रीफळाबरोबर शोभेलसं. मंचावरच वरचा रंगीत कागद काढायला लावला. शेजारी बसलेले मुख्याध्यापक म्हणाले, अहो, या तर वहिनींसारख्या दिसतात. आणि मग शेजारच्या पुरुषाकडे त्यांचं लक्ष गेलं.

“पान अकरा,” मास्तरांनी चष्मा लावला. “‘ती समोर पाहते आहे, पण तिचा डावा खांदा पाहत नाही. त्या खांद्यात त्याच्या असण्याची जाणीव आहे. इतकी जाणीव एका दिवसात येत नाही.’ हे आपणच लिहिलंत?”

“हो.”

“एका दिवसात येत नाही. मग किती दिवसांत येते?”

माझ्या वाक्याला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. परीक्षणं लिहिणाऱ्यांनी ते वाक्य कौतुकानं उतरवलं होतं, तपासलं नव्हतं. मी म्हणाले, ते तसं... ते एक वाचन आहे. ते म्हणाले, वाचन म्हणजे वाचता येण्याजोगं काहीतरी तिथं असणार. मी छत्तीस वर्षं शाळेत वाचनच शिकवलं.

आतल्या दारात त्या केव्हा येऊन उभ्या राहिल्या मला समजलं नाही. द्वारकाबाई. वय पंचावन्नच्या आसपास, पदर खोचलेला, हातात लसणाची कुडी. मुखपृष्ठावरचा चेहरा तोच होता, फक्त त्याच्यावरून छत्तीस वर्षं गेली होती. मी उठून नमस्कार केला. दुकानदार खोट्या नाण्याकडे पाहतो तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मास्तरांनी पेटीतून एक पाकीट काढलं. त्यात फोटो होता. तीच मुलगी, तीच खुर्ची, तोच खांब. एकटी. लग्नाआधी हा त्यांना परंड्याला पाठवला होता, ते तिथं शाळेत होते. छत्तीस वर्षं त्यांनी तो जपला होता आणि पुस्तक मिळालं त्या रात्री पट्टी घेऊन मोजला होता.

“बघा. तीन कडा कागदाच्या आहेत, सरळ. ही चौथी, हिच्या डाव्या हाताची, ही कात्रीची आहे. किंचित तिरपी गेलीय.” ते फोटो माझ्या हातात देईनात, नुसता दाखवत होते. “म्हणजे मला पाठवण्याआधी कुणाला तरी कापून काढलं होतं. कोणाला, ते तुमच्या पुस्तकानं दाखवलं. मी हिला एवढंच विचारतो की हा कोण. बावीस दिवस झाले.”

“मी एकटी होते,” द्वारकाबाई म्हणाल्या नाहीत. ते मास्तरांनीच सांगितलं, की ही म्हणते मी एकटी होते. आणि ते एकदाच म्हणाली. नंतर विचारलं की आत निघून जाते.

मी वही उघडून, अगदी हळुवार आवाजात, त्यांना विचारलं की ते कोण होते हे सांगणं त्यांना जड जाईल का.

“मला काय विचारता?” त्या म्हणाल्या. “त्याच्या खांद्याची जाणीव तुम्हाला. अकरा पानं तुम्ही लिहिलीत. तुम्हालाच माहीत असेल कोण ते.”

“खांदा तुझा आहे, त्याचा नाही,” मास्तर तत्परतेनं म्हणाले. चूक ती चूक.

त्यावर त्या काही बोलणार होत्या, पण थांबल्या. मान हलली नाही, डोळे समोरच होते, फक्त डावा खांदा अगदी किंचित वर आला आणि तसाच राहिला. मुखपृष्ठावरची मुलगी माझ्यासमोर उभी होती. पाहा, मी बरोबर लिहिलं होतं, असंच मनात आलं. दुसऱ्याच्या घरात आग लागलेली असताना आपण उजेडाचं कौतुक करावं तसं.

“श्रीकांत आला,” त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानं मला स्कूटरचा आवाज ऐकू आला. त्यांचा मुलगा बँकेतून जेवायला घरी आला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, आणि “झालं का सुरू?” एवढं म्हणून हात धुवायला गेला.

मी म्हणाले, मी स्टुडिओत जाऊन येते, नोंदवही पाहते, त्या माणसाचं नाव तिथं असणार. मास्तर म्हणाले, जरूर. नाव कळलं की मला समाधान आहे. त्यांच्या तोंडावर समाधानाचं काही चिन्ह नव्हतं. मला तर बाहेर पडायचंच होतं. बारा वाजून गेले होते.

मेनकुदळ्यांच्या स्टुडिओची आता पुतण्यानं कलर लॅब केली होती. त्यानं नोंदवही काढून दिली. ती मी आधीही पाहिली होती, पण नावांसाठी नाही, सालांसाठी. काच नंबर ४१२ शोधला. ‘४१२ अ. श्री. गुंडेराव हिप्परगे, शिलाई मशीनचे एजंट, लातूर. ४१२ ब. कु. द्वारका पांगरीकर, स्थळासाठी, प्रती दोन.’ तारीख एकच. अ आणि ब म्हणजे एकाच फोटोच्या दोन प्रती, असं मी समजून चालले होते. आता दोन ओळींत दोन नावं होती. शिलाई मशीनचा एजंट! मी ते वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. तरी काहीतरी बोचत होतं. स्थळासाठी फोटो काढायला आलेली कुमारिका एजंटाला शेजारी बसवून घेते?

पुतण्या म्हणाला, समोर अप्पांना विचारा, ते होते तेव्हा. पण त्यांना आता फारसं आठवत नाही. हेच तो मागच्या वेळी म्हणाला होता, आणि मी विचारलं नव्हतं.

समोर टपरीत अप्पा तोडकरी गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवत बसले होते. सत्तरीचा माणूस, पण आकड्याची वळणं यंत्रासारखी. मेनकुदळ्यांकडे ते तेवीस वर्षं रिटचर होते. निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं सुरकुत्या आणि देवीचे व्रण पुसायचं काम. पुस्तकात मी सोळा जणांचे आभार मानले होते. पेट्या उचलणाऱ्या हमालाचेही.

“बघितलं पुस्तक,” अप्पा ब्रश न थांबवता म्हणाले. “कागद भारी आहे.”

मी मुखपृष्ठ त्यांच्यापुढे धरलं आणि विचारलं, हे दोघं एकत्र कसे आले?

“खुर्च्या किती दिसतात तुम्हाला?”

“दोन.”

“स्टुडिओत एकच होती. तिच्या डाव्या हातावरचा लाकडी गोंडा तुटलेला. बघा.”

मी पाहिलं. दोन्ही खुर्च्यांचा डाव्या हाताचा गोंडा तुटलेला होता, एकाच जागी, एकसारखा.

“खांब?”

“दोन.”

“पडदा मी रंगवलाय. एकच खांब काढला होता. दुसऱ्याला जागाच नव्हती.” त्यांनी ब्रश डब्यात टाकला. “बाई, एका खुर्चीत दोघं कशी बसतील?”

मग त्यांनी सांगितलं, आणि ते मराठी चौथीतल्या पोरालाही कळलं असतं. त्या काळी काच सहज मिळत नसे. एकट्या माणसाचा फोटो असला तर अण्णा, म्हणजे मेनकुदळे, अर्ध्या काचेपुढे काळा पुठ्ठा घालायचे. एक गिऱ्हाईक एका अर्ध्यावर. ते उठून गेलं की पुठ्ठा फिरवायचा, कॅमेरा जरा सरकवायचा, दुसरं गिऱ्हाईक त्याच खुर्चीत, दुसऱ्या अर्ध्यावर. दोन्ही वेळा पुठ्ठ्याखाली राहिलेली मधली केसाएवढी जागा कधीच उजेड पाहायची नाही, ती कागदावर काळी उमटायची. प्रिंट निघाला की त्या रेघेवरून कात्री. अ गेला अ च्या घरी, ब गेली ब च्या.

“बार्शीत त्या वेळच्या एकट्या माणसाचा कुठलाही फोटो काढा, एक कड कापलेली असणार,” अप्पा म्हणाले. “तुम्ही कापलं नाही. आम्हाला वाटलं, पुण्याकडे तशी फॅशन असेल.”

मी विचारलं, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?

“चारदा आलात. चारही वेळा मला लॅबचा पत्ता विचारलात. पत्ता सांगितला की.”

त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं आणि हात पुसून पानं उलटायला लागले. बोट ठेवत जात होते. हा पैलवान आणि ही सुईण. हा कीर्तनकार आणि ही मामलेदाराची सून. चौसष्टांत मी ‘दांपत्य’ म्हणून छापलेले एकोणीस फोटो होते. खरी जोडपी दोन निघाली. त्यांच्यामध्ये रेघ नव्हती, म्हणून त्यांच्यावर मी काही लिहिलंही नव्हतं.

“सतरा लग्नं लावलीत,” अप्पा म्हणाले. “अक्षता तरी वाटायच्या.”

एसटीडी बूथमधून मी पुण्याला प्रकाशकांना, खाजगीवाल्यांना, फोन लावला. काचेच्या पेटीत उभी राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. त्यांना म्हटलं, ते नवरा-बायको नाहीत. कुठलेच नाहीत. सगळं नीट सांगितलं.

“हे कुणी विचारलंय का?” ते म्हणाले.

“नवऱ्यानं विचारलंय.”

“मग त्याला सांगा ना. त्याला एकट्याला. सगळ्या महाराष्ट्राला कशाला?” आणि मग, मऊ आवाजात: प्रदर्शन त्या रेघेवर उभं आहे, मुंबईच्या लोकांना ती रेघच हवी आहे. मेनकुदळे आज मोठे कलावंत झाले ते तुमच्या अर्थामुळे. तुम्ही तो काढलात तर उरतो एक काटकसरी फोटोग्राफर.

हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, हीच पंचाईत. बूथबाहेर आले तेव्हा दोन वाजले होते. नोंदवहीची नक्कल घेऊन मास्तरांकडे जावं, दोन नावं दाखवावीत, आणि निघावं. पुस्तकाचं पुढं बघू. पण मास्तर छापील शब्दाचे माणूस. नोंदवहीतल्या अ आणि ब वर ते विश्वास ठेवतील, असं मला वाटेना. माझी अकरा पानं गुळगुळीत कागदावर होती. नोंदवहीला वाळवी लागली होती.

अप्पांनीच वाट काढली. म्हणाले, मास्तरांचाही फोटो आमच्याकडचाच की. लग्नासाठीच काढला होता, त्याच वर्षी, आधी.

नोंदवहीत तो ३८८ ब निघाला. काच माळ्यावर सापडली. पुतण्यानं वीस मिनिटांत ओला प्रिंट काढून दिला. तो हातात घेतला आणि मी, इतकं सगळं झाल्यावरही, त्याचा अर्थ लावायला लागले, म्हणजे माझी जात ओळखा.

तीन वाजता परत धारूरकरांकडे. या वेळी मास्तर एकटे पिठलं खात होते, ते जरा लागलं होतं; वास दारापर्यंत येत होता. मी बसले नाही. उभ्याउभ्याच काच, पुठ्ठा, कात्री सांगितली. तुटलेला गोंडा दाखवला. एक खांब दाखवला. त्यांनी भिंगातून पाहिलं, आणि मला वाटलं होतं तेच म्हणाले:

“पण हे छापलेलं आहे.”

“ते चुकीचं छापलंय. मी चुकले.”

“अकरा पानं?”

मी वर्तमानपत्राची घडी उलगडून ओला प्रिंट त्यांच्यासमोर धरला. एका अर्ध्यात सव्वीस वर्षांचे मास्तर. काळी टोपी, कोट, सगळ्या गावाची नापास यादी वाचून दाखवणार असा चेहरा. मधे रेघ. आणि दुसऱ्या अर्ध्यात, त्याच खुर्चीत, एक भरदार कासारीण, कोपरापर्यंत चुडा, स्टुडिओतला खोटा टेलिफोन कानाला लावून मनापासून हसणारी. जणू पलीकडच्या माणसाला मास्तरांबद्दलच काहीतरी सांगत होती. नोंदवहीत लिहिलं होतं: ‘३८८ अ. गोदाबाई कासार. हौसेसाठी.’

मास्तर पाहत राहिले. पिठल्याचा हात तसाच. द्वारकाबाई आतून आल्या, त्यांच्या हातातून प्रिंट घेतला आणि उजेडात दारापाशी नेला. चांगला मिनिटभर पाहिला.

“ह्या कोण हो?” त्यांनी विचारलं.

“मला काय माहीत? मी एकटाच होतो,” मास्तर म्हणाले. आणि मग, आपण काय बोललो हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

त्यांनी प्रिंट कोनाड्यात, देवाच्या तसबिरीला टेकवून वाळत ठेवला. आत गेल्या. थोड्या वेळानं आतून भांड्यांचा आवाज आला, आणि मग आल्याचा वास. मी घड्याळात पाहिलं: पाच मिनिटं.

मास्तर हात धुऊन आले. समोरच्या खुर्चीकडे बोट करून म्हणाले, इथं बसा. मी तिसरी सोडून तिथं बसले.

“फळ्यावर चूक झाली तर मी फळ्यावरच दुरुस्त करायचो,” ते म्हणाले. “पोरांच्या वहीत जाऊन नाही. तुमचं काय?”

खाजगीवाले, प्रदर्शन, निमंत्रणपत्रिका, माझं नाव, सगळं त्या खोलीत येऊन उभं राहिलं. मी म्हणाले, दुसऱ्या आवृत्तीत छापते. लेख काढते. सतरा फोटो कापते.

“आणि हे वाक्य? खांद्याचं?”

“तेही.”

“आत्ता.” त्यांनी लाल पेन्सिल दिली. मी त्यांच्या प्रतीत, पान अकरावर, ते वाक्य एका रेघेत खोडलं आणि खाली सही केली. द्वारकाबाई तेव्हा चहा घेऊन दारात उभ्या होत्या. तीन कप होते. मास्तरांनी त्यांच्या हातून घेतला, बशीत ओतला, आणि पहिल्या घोटाला डोळे मिटले. बावीस दिवस माणूस स्वतःच्या हातचा चहा पीत होता.

चार वाजता मी निघाले. श्रीकांत स्टँडवर सोडतो म्हणाला, स्कूटर काढायला गेला. द्वारकाबाई मला मागच्या दारानं, न्हाणीवरून घेऊन गेल्या, पाय धुऊन जा म्हणाल्या. पाय धुवायचं काही कारण नव्हतं.

“ते वाक्य का खोडलंत?” त्यांनी विचारलं.

“ते चूक होतं. तिथं कुणीच नव्हतं.”

“तेवढंच बरोबर होतं.”

माझ्या पायावर पाणी ओतायचं त्यांनी थांबवलं नाही. हळू, तांब्यातांब्यानं बोलत होत्या. बिजवराला द्यायची ठरवली होती मला. ह्यांची पहिली बाळंतपणात गेली. ह्यांची आई मला बघायला आली, आणि बघून लगेच फोटोला घेऊन गेली, की मुलाला पाठवते. कडेवर पोर, सहा महिन्यांचं. मी आदल्या दिवशी आईला सांगितलेलं, मी नाही म्हणणार आहे, सगळ्यांदेखत. वडील मारतील तर मारू देत.

“खुर्चीत बसवलं. अण्णा म्हणाले, बाळ, मान वळवायची नाही, काही झालं तरी. ते पोर ह्या बाजूला, माझ्या डाव्या हाताला, सारखं रडत होतं. मला राग येत होता त्याचा. आणि एकदम गप्प झालं. एकदम. मला वाटलं, झालं काय ह्याला? श्वास कोंडला का? मान तर वळवता येईना. तेवढ्यात फोटो निघाला.”

“आणि?”

“काही नाही. आजीनं तोंडात बोट दिलं होतं.” तांब्या उपडा ठेवला. “पण मी उठले ती तिकडंच गेले. घेतलं त्याला. मग नाही म्हणायचं राहिलंच.”

पुढून स्कूटरचा आवाज आला. त्यांचा खांदा आधीच वर आला होता.

“हे छापू नका,” त्या म्हणाल्या. “ह्यांना वाटतं, ह्यांचा फोटो बघून मी हो म्हटलं. वाटू दे. आम्ही दोघं असेपर्यंत.”

दुसऱ्या आवृत्तीत लेख नव्हता. मुखपृष्ठावर एकटी मुलगी, आणि आत एक पान शुद्धिपत्र. कलादालनानं प्रदर्शन पुढे ढकललं, आणि ते पुढेच राहिलं. एका परीक्षणकारानं लिहिलं की लेखिकेनं एका आवृत्तीत सतरा लग्नं लावली आणि दुसरीत सतरा काडीमोड घेतले. ती ओळ माझ्या नावाला बरीच वर्षं चिकटून होती. आभाराच्या यादीत सतरावं नाव अप्पांचं घातलं, ते त्यांनी वाचलं की नाही, कळलं नाही.

मास्तर जाऊन पंधरा वर्षं झाली. द्वारकाबाई गेल्या दिवाळीत गेल्या. श्रीकांतनं फोनवर सांगितलं.

मागच्या महिन्यात एका तरुण अभ्यासकाचा फोन आला. रद्दीत त्याला पहिली आवृत्ती मिळाली आहे आणि तो मेनकुदळ्यांवर नव्यानं लिहितो आहे. त्याच्या मते माझा तो लेख काळाच्या पुढे होता. दुसऱ्या आवृत्तीत तो पुरुष कापला गेला तो गावाच्या दडपणामुळे, आणि तेच त्याच्या पुस्तकाचं मध्यवर्ती प्रकरण आहे. मी त्याला काच, पुठ्ठा, कात्री, गोंडा, सगळं सांगितलं. शुद्धिपत्रात ते होतंच. तो नम्रपणे ऐकत होता, आणि त्याचा विश्वास बसत नव्हता.

“मॅडम, मी हा फोटो पडद्यावर मोठा करून पाहतो आहे,” तो म्हणाला. “खुर्ची एकच असेल. पण तिचा डावा खांदा बघा. तिथं कुणीतरी आहे.”

“आहे की,” मी म्हणाले. “सहा महिन्यांचा आहे. आत्ताच रडायचा थांबलाय.”